वाचनालयाच्या डेटाबेसचा बॅकअप आणि रिस्टोर: प्रकल्प नोंदी

९ जून २०२५, सोमवार

वाचनालयाची आज साप्ताहिक सुट्टी असल्यामुळे वर्गणीच्या थकबाकीचा नवा अहवाल करून पाहायला सवड मिळाली. चालू डेटाबेसवर प्रयोग करायला नको, म्हणून कालच्या बॅकअपची फाइल लॅपटॉपवर घेऊन उघडली, तर आत एक अक्षरही नव्हते. फाइलचा आकार २० बाइट होता. परवाच्या फाइलचा आकारही तेवढाच होता आणि तेरवाच्याही. बॅकअपच्या फोल्डरमध्ये तारीखवार नावाच्या तीस फाइली ओळीने उभ्या होत्या आणि तिसांच्या तीस रिकाम्या होत्या. काहीही न देता जीझिप हा फाइल दाबून लहान करणारा प्रोग्राम चालवला, तर दहा बाइटचे शीर्ष, दोन बाइटचा रिकामा ठोकळा आणि शेवटी आठ बाइटची पडताळणी, अशी बरोबर २० बाइटची, नियमात बसणारी फाइल तयार होते, आणि आम्ही ती रोज दुपारी एक वाजता इमानेइतबारे तयार करत होतो.

वाईट भाग पुढेच आहे. जुन्या स्क्रिप्टची शेवटची ओळ तीस दिवसांपूर्वीच्या फाइली पुसते. त्यामुळे बिघाडाआधीचे चांगले बॅकअप एकेक करून आम्हीच पुसून टाकले. आज या घटकेला डिस्क गेली असती, तर सुमारे ३,१०० सभासदांची अनामत, ६१,००० ग्रंथांच्या दाखल नोंदी आणि चौदा वर्षांची देवघेव यांतले काहीही परत आणता आले नसते.

प्रथम हाताने एक पूर्ण डंप (डेटाबेसचा सगळा मजकूर एका फाइलीत उतरवलेली प्रत) घेतला, तो लॅपटॉपवर उघडून आत टेबले आहेत याची खात्री केली आणि मगच कारणाच्या मागे लागलो.

१० जून २०२५, मंगळवार

कारण सापडले, आणि ते लाजिरवाणे म्हणावे इतके साधे आहे. डिसेंबरमध्ये आमचा डेटाबेस चालवणाऱ्या पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरची १३ ही आवृत्ती काढून १६ बसवली, तेव्हा सर्व्हर बदलला. पण स्क्रिप्टमध्ये पीजी-डंप या डंप घेणाऱ्या कमांडचा पूर्ण मार्ग लिहिलेला होता आणि तो १३च्या फोल्डरकडे जात होता. स्वतःपेक्षा नव्या मुख्य आवृत्तीच्या सर्व्हरचा डंप घ्यायला पीजी-डंप नकार देतो आणि आवृत्ती जुळत नसल्याचा संदेश देऊन थांबतो. हा नकार रास्तच आहे. मात्र आमच्या स्क्रिप्टने तो संदेश डेव्ह-नलमध्ये, म्हणजे आलेले सगळे गिळून टाकणाऱ्या जागेत, ढकलला होता.

दुसरी चूक पाइपची होती. पीजी-डंपचे उत्पादन थेट जीझिपला दिले होते, आणि अशा साखळीत शेलला कळते ते शेवटच्या कमांडचे यशापयश. पीजी-डंप पडला तरी जीझिपचे काम व्यवस्थित झाले होते, म्हणून स्क्रिप्टच्या लेखी सगळे यशस्वी होते. बॅशमध्ये पाइपफेल हा पर्याय चालू केला असता तर ही फसगत पहिल्याच दिवशी उघडी पडली असती.

ही चूक एकट्या आमची नाही, याचा थोडासा दिलासा घेतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामचे कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचे डेटाचे फोल्डर पुसले. त्यानंतर शोधाशोध झाली, तेव्हा नियमित डंप तयारच होत नव्हते असे दिसले, कारण सर्व्हर ९.६चा होता आणि चालत होता ९.२चा पीजी-डंप. अपयशाचे ईमेल निघत होते, पण डीमार्कच्या (ईमेल पाठवणारा खरा आहे का, हे पाहणाऱ्या) तपासणीत ते नाकारले जात होते, त्यामुळे ते कोणापर्यंत पोचलेच नाहीत. शेवटी चाचणीच्या सर्व्हरसाठी घेतलेली सुमारे सहा तास जुनी डिस्कची प्रत कामी आली. तरीही सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती गेली. त्यांनी हे सगळे जाहीरपणे लिहून ठेवले आहे, आणि मी ते पूर्वी वाचलेही होते. वाचूनही आमच्या स्क्रिप्टमधला मार्ग तपासावा असे सुचले नव्हते.

१४ जून २०२५, शनिवार

दुपारच्या मधल्या सुट्टीत ग्रंथपाल बाईंसोबत बसलो. कोणते तंत्र वापरायचे हे ठरवण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडून हवी होती: देवघेव किती वेळ बंद राहिली तर चालेल, आणि किती वेळाच्या नोंदी गेल्या तर चालतील. तांत्रिक पुस्तकांत या दोहोंना भारदस्त नावे आहेत, ती मी काढली नाहीत.

पहिल्या प्रश्नावर त्या चटकन बोलल्या, "अहो, एक दिवस बंद राहिलं तरी काही बिघडत नाही. वाचक उद्या येतील. पण अनामतीच्या हिशेबात एक रुपया इकडचा तिकडे झाला, तर कार्यकारी मंडळासमोर मला उभं राहावं लागतं." म्हणजे वेळ आहे, पण पैशाच्या नोंदी जाता कामा नयेत. देवघेवीच्या नोंदी मात्र गेल्या तरी पुन्हा भरता येतील, असे त्या म्हणाल्या. कशा, असे विचारल्यावर त्यांनी मला खिडकीवर नेऊन एक वही दाखवली.

देवघेव खिडकीवरचे ज्येष्ठ लिपिक काका संगणक आल्यापासून आजपर्यंत प्रत्येक व्यवहार शिसपेन्सिलीने एका लांबोळ्या वहीत लिहीत आले आहेत. सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, आणि समोर दिले असेल तर 'दे', परत आले असेल तर 'घे'. सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन सत्रांच्या मध्ये ते एक आडवी रेघ मारतात. वीज गेली तर काय, म्हणून सुरू झालेली ही सवय इन्व्हर्टर आल्यावरही सुटली नाही. वर्गणी आणि अनामतीच्या छापील पावत्यांची स्थळप्रतही वेगळ्या फाइलीत क्रमाने लावलेली असते.

ती वही पाहिल्यावर प्रश्नाचे स्वरूपच पालटले. पोस्टग्रेस कोणताही बदल आधी वॉल नावाच्या नोंदीत लिहितो आणि मग सवडीने टेबलच्या फाइलींमध्ये उतरवतो; मध्येच यंत्र बंद पडले तर तीच नोंद पुन्हा चालवून तो सावरतो. आमच्याकडे तेच काम पेन्सिलीने होते आहे. दिवसाला सुमारे अडीचशे व्यवहार होतात, म्हणजे एका सत्रात सव्वाशेच्या आसपास. बाईंनी घड्याळ लावून दहा नोंदी भरून दाखवल्या, प्रत्येकीला वीसेक सेकंद लागले. एक संपूर्ण सत्र गेले तरी पाऊण तासात ते पुन्हा भरून होईल.

१७ जून २०२५, मंगळवार

पर्याय समोर मांडून पाहिले.

सर्व्हरवरचे डेटाचे फोल्डर थेट कॉपी करणे, हा सर्वांत मोहात पाडणारा पर्याय, कारण त्याला काही शिकावे लागत नाही. पण सर्व्हर चालू असताना केलेली अशी कॉपी भरवशाची नसते: एक फाइल कॉपी होत असताना दुसरी बदलत असते आणि हाती येते ते वेगवेगळ्या क्षणांचे कडबोळे. सर्व्हर पूर्ण बंद करून कॉपी केली तर चालते, मात्र ती त्याच मुख्य आवृत्तीवर उभी करावी लागते. त्यात आमच्यासाठी एक खास अडचण आहे. ग्रंथांची नावे देवनागरीत आहेत आणि त्यांचे इंडेक्स (चटकन शोधण्यासाठी ठेवलेल्या क्रमवार सूच्या) ऑपरेटिंग सिस्टिमच्या मराठी वर्णानुक्रमाने रचलेले आहेत. हा क्रम जीलिबसी या ग्रंथालयातून येतो (हे सॉफ्टवेअरचे ग्रंथालय, आमचे नव्हे), आणि २०१८मध्ये आलेल्या तिच्या २.२८ आवृत्तीत अनेक भाषांचे क्रम बदलले. जुन्या क्रमाने रचलेला इंडेक्स नव्या क्रमाच्या यंत्रावर जसाच्या तसा नेला, तर असलेला ग्रंथही शोधात सापडत नाही. डंपमध्ये ही अडचण येत नाही, कारण त्यात इंडेक्सचा मजकूर नसतो, फक्त तो बनवण्याची आज्ञा असते आणि इंडेक्स नव्या यंत्रावर नव्याने रचला जातो.

दुसरा सर्व्हर ठेवून त्यावर सतत प्रतिबिंब उतरवणे हा पर्याय कार्यवाहांनी सुचवला होता. यंत्र बिघडले तर त्याचा उपयोग आहे, पण कोणी चुकून पाचशे नोंदी पुसल्या तर प्रतिबिंबातूनही त्या क्षणार्धात पुसल्या जातील. तो बॅकअप नव्हे, आणि दुसऱ्या यंत्राचा खर्चही आम्हाला झेपणारा नाही. हा पर्याय इथेच सोडला.

उरले दोन. एक म्हणजे मूळ प्रत घेऊन त्यानंतरच्या वॉलच्या फाइली सतत साठवत राहणे, ज्यामुळे कोणत्याही क्षणापर्यंत मागे जाता येते. दुसरा म्हणजे साधा पीजी-डंप, जो सुरू होतो त्या क्षणाचे सुसंगत चित्र घेतो आणि ते घेत असताना देवघेव थांबवत नाही. फक्त टेबलच्या रचनेत बदल करण्याचे काम त्या वेळात अडकून राहते, पण ते काम आमच्याकडे वर्षातून दोनदा होते.

खरे सांगायचे तर मला पहिला पर्याय करायचा होता. तो देखणा आहे. म्हणून एक दिवस तो करून पाहायचे ठरवले.

१९ जून २०२५, गुरुवार

वॉल साठवण्याची चाचणी काल दिवसभर चालली आणि आज बंद केली.

वॉलची एक फाइल १६ एमबीची असते आणि ती भरल्यावरच साठवणीत जाते. आमच्या किरकोळ कामात ती भरायला बराच वेळ लागतो, म्हणून दर पाच मिनिटांनी ती बदलावी अशी सूचना दिली. तासाला बारा आणि आठ तासांत ९६ फाइली झाल्या, म्हणजे १,५३६ एमबी. अडीचशे व्यवहारांचा खरा ऐवज या ढिगाऱ्यात नगण्य आहे; बाकी सगळी रिकामी जागा. दाबून साठवल्या तर त्या लहान होतात, पण मग तीही एक हलती कडी साखळीत वाढते.

खरा धडा संध्याकाळी मिळाला. वाचनालयातल्या सेवकाने केर काढताना बाहेरच्या डिस्कची वायर काढून ठेवली. साठवण्याची कमांड अपयशी ठरली की पोस्टग्रेस ती फाइल पुसत नाही, जपून ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. हे योग्यच आहे, पण त्या फाइली मुख्य डिस्कवर साचत जातात, आणि डिस्क भरली की सर्व्हरच बंद पडतो. म्हणजे बॅकअपसाठी केलेली सोय, कोणाचे लक्ष नसेल तर, देवघेवच बंद पाडू शकते. आमच्याकडे लक्ष ठेवायला पूर्णवेळ माणूस नाही. मी आठवड्यातून दोनदा येतो, आणि मी नसताना बिघाड झाला तर बाईंनी मूळ प्रत मांडायची, साठवणीचा मार्ग आणि थांबायची वेळ लिहायची, रिकव्हरी सिग्नलची फाइल ठेवायची आणि सर्व्हर सुरू करायचा, हे फोनवरून सांगण्याची माझी तयारी नाही.

२१ जून २०२५, शनिवार

निर्णय झाला. दिवसातून दोनदा, प्रत्येक सत्र संपल्यावर, पीजी-डंप कस्टम स्वरूपात घ्यायचा. डेटाबेस डिस्कवर १.४ जीबीचा आहे, पण त्यातला मोठा वाटा इंडेक्सचा आणि बदलांच्या नोंदीच्या टेबलचा असल्यामुळे दाबलेला डंप २१० एमबीच्या आसपास येतो. कस्टम स्वरूप निवडण्याचे कारण असे की त्यातून एखादेच टेबल काढता येते. साध्या एसक्यूएलच्या फाइलीत तेच काम कात्रीने वर्तमानपत्रातली बातमी कापण्यासारखे होते. शिवाय साधी फाइल पीएसक्यूएलमधून चालवताना मध्ये चूक आली तरी, वेगळे सांगितल्याखेरीज, तो पुढे चालत राहतो आणि शेवटी अर्धवट डेटाबेस हाती येतो.

किती ठेवायचे: रोजचे संध्याकाळचे १४, आठवड्याचे ८, महिन्याचे १२. एकूण ३४ फाइली, सुमारे ७.१ जीबी. दुपारचा डंप दुसऱ्या दिवशी पुसला तरी चालेल. पुसण्याची ओळ मात्र आता नवा डंप तपासून पार पडल्यावरच चालेल. नवा डंप नापास झाला तर जुन्याला हात लावायचा नाही.

२४ जून २०२५, मंगळवार

वेळापत्रकावरून एक जुनी अडचण पुन्हा समोर आली. संध्याकाळी आठ वाजता वाचनालय बंद होते आणि सव्वाआठला सेवक सर्व्हरसकट सगळी यंत्रे बंद करतो. रात्री साडेआठला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीतून) डंप घेण्याची योजना कागदावर छान दिसत होती, पण त्या वेळी यंत्र झोपलेले असते. सर्व्हर रात्रभर चालू ठेवण्याला बाईंचा विरोध आहे, आणि ओल येणाऱ्या त्या खोलीचे वायरिंग पाहता मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

त्यामुळे संध्याकाळचा डंप घड्याळावर न ठेवता कामाला जोडला. देवघेवीच्या प्रणालीत 'दिवसअखेर' हे बटण आधीपासून होते, ते दिवसाची जमा छापत असे. आता तेच बटण डंप घेते, तो तपासते, बाहेरच्या डिस्कवर नेते आणि मगच यंत्र बंद करते. दुपारचा डंप १२ वाजून १० मिनिटांनी क्रॉनमधून होतो.

त्या क्रॉनच्या ओळीने अर्धा दिवस खाल्ला. फाइलच्या नावात तारीख यावी म्हणून ओळीतच डेट कमांड लिहिली होती, ती हाताने चालवल्यावर उत्तम चालत होती आणि क्रॉनमधून काहीच होत नव्हते. क्रॉनच्या ओळीत टक्क्याचे चिन्ह आले की कमांड तिथेच तुटते आणि पुढचा मजकूर तिला आत वाचायला दिला जातो. चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ तरी द्यावी किंवा सगळे वेगळ्या स्क्रिप्टमध्ये लिहावे. मी दुसरे केले.

डंप आधी 'अपूर्ण' अशा शेपटीच्या नावाने लिहिला जातो आणि तपासणीनंतरच त्याला खरे नाव मिळते. तपासणी म्हणजे केवळ आकार पाहणे नव्हे. डंप परत उतरवणाऱ्या पीजी-रिस्टोर या कमांडला फाइलची अनुक्रमणिका दाखवायला सांगता येते, पण ती वाचता आली म्हणजे आतली पाने शाबूत आहेत असे होत नाही. आम्ही त्याच सर्व्हरवर 'तपासणी' नावाच्या रिकाम्या डेटाबेसात तो पूर्ण उतरवतो आणि सभासद, ग्रंथ, देवघेव व पावत्या या चार टेबलांची संख्या, तसेच अनामतीची एकूण बेरीज, चालू डेटाबेसशी ताडून पाहतो. सत्र संपलेले असल्यामुळे आकडे तंतोतंत जुळायला हवेत. हे सगळे पाच मिनिटांच्या आत होते.

निरोप कसा पोचवायचा, यावर गिटलॅबच्या ईमेलची आठवण ठेवली. ईमेल पाठवत नाही. देवघेव खिडकीवरच्या पहिल्या पानावर डाव्या कोपऱ्यात 'शेवटचा तपासलेला बॅकअप' अशी तारीख, वेळ आणि आकार दिसतो. शेवटचा तपासलेला बॅकअप आधीच्या सत्राचा नसेल, तर ती पट्टी लाल होते. काकांना ती दिवसातून शंभरदा दिसते.

२८ जून २०२५, शनिवार

बाहेरच्या दोन डिस्क घेतल्या. एक सर्व्हरला जोडलेली, दुसरी कार्यवाहांच्या घरी, आणि दर शनिवारी अदलाबदल. पाणी, आग, चोरी यांत एकाच खोलीतल्या दोन प्रती एकत्रच जातात.

डिस्क घराबाहेर हिंडणार म्हटल्यावर सभासदांचे पत्ते आणि फोन क्रमांक उघडे ठेवणे बरे नाही, म्हणून बाहेर जाणारी प्रत जीपीजी या मजकूर सांकेतिक करणाऱ्या प्रोग्रामने कुलूपबंद केली. सर्व्हरवर फक्त सार्वजनिक किल्ली आहे, तिने कुलूप लावता येते पण उघडता येत नाही. उघडायची खासगी किल्ली पेनड्राइव्हवर आणि तिचा परवलीचा वाक्यांश कागदावर, दोन वेगवेगळ्या मोहोरबंद पाकिटांत: एक बाईंच्या कपाटात, दुसरे कार्यवाहांकडे.

७ जुलै २०२५, सोमवार

काल आषाढी झाली, आज सुट्टी. माझा जुना लॅपटॉप संपूर्ण पुसून, जणू वाचनालयाचे यंत्र जळाले आहे असे समजून, डिस्कवरच्या प्रतीतून सगळे उभे केले. सर्व्हरकडे ढुंकूनही पाहायचे नाही, असा नियम घातला होता.

पहिल्याच पायरीवर अडलो. पीजी-रिस्टोरला डेटाबेसही तूच तयार कर असे सांगितले, तर लोकॅलचे (भाषा आणि वर्णानुक्रमाच्या सेटिंगचे) नाव अवैध असल्याचे उत्तर आले. मूळ डेटाबेस मराठी लोकॅलने बनवलेला आहे आणि नव्या यंत्रावर ते लोकॅल तयारच केलेले नव्हते. ते तयार करून सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर डेटाबेस बनला, पण लगेच चुकांची रांग लागली: अमुक नावाची भूमिका अस्तित्वात नाही. पीजी-डंप एका डेटाबेसापुरता असतो. वापरकर्त्यांच्या भूमिका आणि त्यांचे परवलीचे शब्द पूर्ण सर्व्हरचे असल्यामुळे त्यात येत नाहीत. ते पीजी-डंपऑलला फक्त सार्वत्रिक गोष्टी मागून वेगळे घ्यावे लागतात. मला हे माहीत होते, आणि तरीही ते स्क्रिप्टमध्ये नव्हते.

भूमिका हाताने बनवून पुढे गेलो. डेटा उतरला, आकडे जुळले, प्रणाली सुरू झाली, आणि सभासदाचे ओळखपत्र उघडले तर फोटोच्या जागी कोरा चौकोन. फोटो डेटाबेसात नाहीत, एका फोल्डरमध्ये आहेत आणि टेबलात फक्त त्यांचा मार्ग आहे. चौदा वर्षांत हे कोणाच्या लक्षात आले नसावे, निदान बॅकअपच्या संदर्भात. तोच प्रकार प्रणालीच्या सेटिंगच्या फाइलीचा.

तिन्ही गोष्टी आज स्क्रिप्टमध्ये घातल्या. फोटो डंपनंतर कॉपी होतात, आधी नाही. आमच्याकडे फोटो पुसले जात नाहीत, फक्त वाढतात. त्यामुळे डंपमध्ये ज्याचा उल्लेख आहे तो प्रत्येक फोटो नंतरच्या कॉपीत असणारच. उलट क्रमाने केले तर मधल्या काळातल्या नव्या सभासदाचा चौकोन कोरा राहील.

शेवटी पावतीचा प्रश्न उरला, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समजा डंप काल रात्रीचा आहे आणि यंत्र आज सकाळी अकराला गेले. तोवर ४,८१७ ते ४,८२३ अशा सात पावत्या छापून लोकांच्या हातात गेल्या आहेत. रिस्टोर केल्यावर क्रमांक देणारा सीक्वेन्स कालच्या जागी, म्हणजे ४,८१६वर, परत येतो आणि पुढच्या सभासदाला पुन्हा ४,८१७ देतो. एका क्रमांकाच्या दोन पावत्या, दोन्हींवर वाचनालयाचा शिक्का. म्हणून रिस्टोरच्या कागदावर पायरी अशी लिहिली: खिडकी उघडण्याआधी स्थळप्रतीच्या फाइलीतला शेवटचा क्रमांक पाहावा, सीक्वेन्स त्याच्या पुढे न्यावा, आणि मधल्या पावत्या त्यांच्या मूळ क्रमांकासह भराव्यात. देवघेव त्यानंतर वहीतून.

एकूण वेळ ३ तास १० मिनिटे. त्यातली डेटा उतरण्याची मिनिटे अकरा.

२२ जुलै २०२५, मंगळवार

बॅकअपची गरज अपेक्षेपेक्षा लवकर पडली, आणि यंत्र बिघडल्यामुळे नव्हे. संध्याकाळी एक वाचक ग्रंथ परत करायला आले, तर पडद्यावर तो ग्रंथ 'निर्लेखित' (संग्रहातून काढून टाकलेला) दिसला. शोध घेतला तेव्हा कळले की १२ जुलैला जीर्ण ग्रंथांचे निर्लेखन नोंदवताना दाखल क्रमांक १८,२०१ ते १८,२६० ऐवजी १८,२०१ ते १८,६२० असे टाकले गेले. दोन आकडे जागा बदलून बसले आणि साठाऐवजी ४२० ग्रंथ कागदोपत्री रद्दीत गेले.

जास्तीचे ३६० पुन्हा 'उपलब्ध' करून टाकावेत, असे प्रथम वाटले. पण त्यांतले काही आधीपासूनच गहाळ, बांधणीला पाठवलेले किंवा खरोखर निर्लेखित होते, आणि ती आधीची स्थिती चालू टेबलात उरलेली नव्हती. बदलांच्या नोंदीत ती असायला हवी होती, पण घाऊक बदल तिथे लिहिले जात नाहीत, असे आज समजले. तेही दुरुस्तीच्या यादीत टाकले.

मग ११ जुलैच्या संध्याकाळच्या डंपमधून फक्त ग्रंथांचे टेबल वेगळ्या डेटाबेसात उतरवले. एकच टेबल मागितले की पीजी-रिस्टोर त्याचे इंडेक्स किंवा ते ज्यावर अवलंबून आहे त्या इतर गोष्टी आणत नाही. केवळ वाचण्यासाठी हवे असल्यामुळे त्याने अडले नाही. १८,२६१ ते १८,६२० या क्रमांकांची तेव्हाची स्थिती काढली, बाईंनी ती छापून कपाटांशी ताडून पाहिली, दहा दिवसांत ज्यांची देवघेव झाली होती ते नऊ ग्रंथ वगळले आणि उरलेल्यांची स्थिती डेटाबेसच्या व्यवहाराच्या (पक्के करेपर्यंत मागे घेता येणाऱ्या बदलाच्या) आत राहून बदलली. मोजणी ३५१ आल्यावरच ती पक्की केली. वगळलेले नऊ ग्रंथ काकांच्या वहीवरून हाताने लावले.

पूर्ण डेटाबेस ११ तारखेवर नेला असता तर दहा दिवसांची देवघेव गेली असती. क्षणाक्षणाची वॉल साठवली असती तरी इथे वेगळे काही करता आले नसते, कारण तीही संपूर्ण सर्व्हरलाच मागे नेते. १४ दिवसांचे डंप ठेवण्याचा निर्णय मात्र थोडक्यात वाचला. चूक ऑगस्टमध्ये सापडली असती तर आठवड्याच्या प्रतीकडे जावे लागले असते. रोजचे डंप आता ३० ठेवतो, जागा आहे.

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

आज रिस्टोर बाईंनी केले. मी शेजारच्या खुर्चीवर बसायचे, बोलायचे नाही, आणि त्या अडल्या तर कागद चुकला असे समजून तो दुरुस्त करायचा, असे ठरले होते. दोन पानांचा कागद, कुलूपबंद डिस्क, दोन पाकिटे आणि पुसलेला लॅपटॉप.

त्या तिसऱ्या पायरीवर अडल्या. परवलीचा वाक्यांश मी पाकिटात देवनागरीत लिहिला होता आणि टाइप करायचा होता रोमन अक्षरांत. त्यातल्या एका शब्दात 'ज्ञ' आहे. मी तो डी, एन, वाय असा लिहितो. बाईंनी जी, वाय असा टाकला, मग जे, एन असाही टाकून पाहिला. तीन वेळा नकार आल्यावर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, हे तुमच्या हातचं शुद्धलेखन आहे, माझ्या नाही." कागदावर अक्षरन् अक्षर रोमनमध्ये, सुटे सुटे, अंकांसह लिहून पाकिटे पुन्हा बंद केली, आणि जुना वाक्यांश उच्चारून झाल्यामुळे तोही बदलला.

पुढे एकदा अडल्या ते नवव्या पायरीवर, जिथे मी 'सीक्वेन्स पुढे न्यावा' एवढेच लिहिले होते. तिथे आता 'पावती क्रमांक दुरुस्ती' असे प्रणालीतले बटण आहे, आणि ते स्थळप्रतीवरचा शेवटचा क्रमांक विचारते.

सकाळी १० वाजून ५ मिनिटांनी सुरुवात, १२ वाजता पहिला ग्रंथ चाचणीपुरता दिला आणि परत घेतला. अनामतीची बेरीज जुळली. पुढची चाचणी ३ नोव्हेंबरला, आणि त्या वेळी लिपिक काका करणार आहेत. कागदाची अक्षरे मोठी करून हवीत, एवढी त्यांची अट आहे.